वानखेडेसाहेबांचे रॉड

काटेसावरीचं फूल पडतं तेव्हा आवाज होतो. पाकळी पाकळी करून गळण्याचा नाजूकपणा त्याच्यात नाही. अख्खं पडतं, धप्पकन, वरच्या मजल्यावरून कोणी ओलं फडकं टाकावं तसं. दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या सरकारी क्वार्टरसमोर अशी चार झाडं होती. होळीच्या आसपास रस्ता लाल व्हायचा, त्यावरून स्कूटरी जायच्या आणि तो लाल लगदा चाकांना चिकटून जिन्यापर्यंत यायचा. कॉलनीतली पोरं त्या झाडाला सेमल म्हणत, मराठी घरातली पोरंसुद्धा. माझी बायको कुंदा त्यांना अडवून काटेसावर म्हणायला लावायची. मग पोरांनी तिचंच नाव काटेसावर आंटी ठेवलं. तिला ते आवडलं होतं असं मला वाटतं.

ती फुलं पडायला लागली की मला वानखेडेसाहेबांचा राग येतो. यंदाही आला. आता कुंदा नाही, क्वार्टर नाही. दिल्लीबाहेर मानेसरजवळच्या एका गावात खोली घेऊन राहतो, इथे काटेसावरीचं एक झाड नाही. पण मार्चचा सुका वारा सुटतो, लोक कूलर खाली काढून धुतात, नव्या गवताच्या जाळ्या पाण्यात भिजवतात आणि तो ओल्या गवताचा वास आला की ते सुरू होतं. राग म्हणतो मी त्याला. खरं नाव दुसरं आहे. जळतो मी.

ह्याच दिवसांत मोठ्या मोटरसायकलींचा हंगाम सुरू होतो. जूनमध्ये पहाडातले रस्ते उघडतात, त्याआधी दिल्लीतली इंजिनं उघडतात. गॅरेजबाहेर रांग लागते. धुतलेल्या लोखंडाचा, पेट्रोलचा वास अंगातून जात नाही. आंघोळ केली तरी कुंदा नाक मुरडायची. आता कोणी मुरडत नाही, तर मी एक दिवसाआड आंघोळ करतो.

माझी शाळा सातवीपर्यंत. अमरावतीला गॅरेजात काम शिकलो, लग्न झालं, आणि बायकोला दिल्लीत सरकारी नोकरी लागली म्हणून दिल्लीला आलो. लोक हे उलटं समजतात. नवऱ्याची नोकरी, मागून बायको. आमच्यात ती पुढे होती. क्लार्क म्हणून लागली आणि सेक्शन ऑफिसर झाली. दारावर पाटी तिच्या नावाची. खाली मार्केटात मला 'मॅडम के मिस्टर' म्हणत. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी तिला सांगायचो.

मी मानेसरला सुट्या भागांच्या कारखान्यात होतो. सकाळी धौला कुआंला कंपनीची बस पकडायची, अंधार पडता पडता परत. बावीस वर्षं एकच काम केलं, कनेक्टिंग रॉड तपासायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात पिस्टन वरखाली पळतो आणि खाली क्रँक गोल फिरतो. दोघांना जोडणारा जो पोलादाचा दांडा, तो रॉड. वर लहान तोंड, खाली मोठं तोंड. मोठं तोंड दोन तुकड्यांचं असतं, ते क्रँकभोवती बसवून दोन बोल्टांनी आवळायचं. रॉड दोऱ्याला टांगून छोट्या हातोडीने टिचकी मारायची. चांगला असेल तर घंटेसारखा वाजत राहतो. आत चीर असेल तर ठक म्हणतो आणि गप्प होतो. मशीन नंतर आल्या. पण मशीनने पास केलेला रॉड मी कानाने नापास केलेला आहे, आणि नंतर कापून बघितल्यावर मीच बरोबर निघालेलो आहे. तेवढीच माझी विद्या.

रिटायर झाल्यावर कारखान्यातला माझा दोस्त धरमपाल, हरियाणाचाच, त्याने मानेसरला गॅरेज टाकलं आणि मला बोलावलं. मी इंजिनं बांधायला लागलो. त्याच सुमारास वानखेडे आमच्या घरात आले.

वानखेडे नागपूरचे. दुसऱ्या खात्यात मोठे अधिकारी. माझ्याहून दोनतीन वर्षांनी लहान, सडपातळ, केस सगळे जागेवर. लग्न केलेलं नाही. पुस्तकं वाचली आणि मोटरसायकल पाळली. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीची स्मरणिका काढायची होती. समितीने संपादक म्हणून त्यांना नेमलं आणि जोडीला कुंदाला. झालं. फेब्रुवारीपासून आठवड्याचे चार दिवस संध्याकाळी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर. कागदांचे गठ्ठे, चष्मे, लाल पेन. चहा मी करायचो.

ते तिला कुंदाताई म्हणत. ताई म्हटल्यावर माझं समाधान व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. माझ्याशी कुंदाचं बोलणं म्हणजे गॅस आला का, दूध फाटलं, तुमचा शर्ट कुठे टाकलात. त्यांच्याशी बोलताना ती 'ह्या अनुषंगाने' म्हणायची. बत्तीस वर्षं संसार केला, हा शब्द तिच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. अनुषंग म्हणजे काय ते मी तिला विचारलं नाही.

लोकांनी पाठवलेल्या कविता वाचून दोघं हसायचे. एकदा मीही चहा ठेवता ठेवता हसलो, सामील व्हावं म्हणून. दोघं माझ्याकडे बघायला लागले. तोपर्यंत ते पुढच्या पानावर गेले होते आणि त्या पानावर कोणाची तरी श्रद्धांजली होती.

मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी वानखेड्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर दोन रॉड ठेवले. त्यांच्या मोटरसायकलला दोन सिलिंडर. कंपनीने दिलेल्या ताकदीवर त्यांचं भागेना, म्हणून त्यांनी मोठे पिस्टन बसवून घेतले होते. ताकद वाढली, पण आतले रॉड जुनेच. इंजिन खडखडायला लागलं. एप्रिलच्या अखेरीला ग्रेटर नोएडाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवायची होती, त्यासाठी ही नवी जोडी त्यांनी स्वतः बाजारातून निवडून आणलेली. काम माझ्याकडे.

दिसायला देखणे होते रॉड. आरशासारखे घासलेले. कुंदाने एक उचलला, बांगडीसारखा तळहातावर तोलला आणि म्हणाली, दागिन्यासारखा आहे की हो. मी बावीस वर्षं रॉडांत काढली. एकदा तिला दाखवायला म्हणून नापास झालेला रॉड घरी आणला होता, तर तिने तो दाराला अडसर म्हणून लावला. आणि हा तिने दिव्याखाली धरून बघितला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मी ते तपासले. चमक मी बघत नाही. चमक पॉलिशवाल्याची असते, पोलादाची नाही. मी कोपरे बघतो. बोल्टाचं डोकं जिथे टेकतं तिथला कोपरा गोल पाहिजे, बोट फिरवलं तर अडकू नये. ह्यांचा कोपरा सुरीसारखा होता. चीर अशाच ठिकाणी जन्माला येते. मग बोल्ट. बोल्टाची लांबी मोजायची, तो पूर्ण आवळायचा, सैल करायचा आणि परत मोजायची. चांगला बोल्ट ताणला जातो आणि सोडला की मूळ लांबीवर येतो. हा आला नाही. केसाएवढा लांब राहिला. म्हणजे तो मेला. धरमपाल बाजूलाच उभा होता. म्हणाला, "भाई, बोल्ट तो खिंच गया." मी म्हटलं, मलाही डोळे आहेत.

संध्याकाळी वानखेड्यांनी विचारलं, कसे आहेत? कुंदा समोर बसली होती, पेन तोंडात धरून.

मी म्हटलं, "चालेल."

इतकंच. मला काही करायचं नव्हतं. कुठे कानस मारायची नव्हती, काही बिघडवायचं नव्हतं. ते त्यांनी आणले, त्यांनी निवडले, त्यांना आवडले, हिलाही आवडले. मी फक्त गप्प राहायचं होतं.

लोकांना वाटतं रॉड ताकदीने मोडतो, स्फोटाने. तसं नसतं. स्फोटाचा दाब तो सोसतो, दाबाला पोलाद घट्ट असतं. मोडतो तो ओढीने. धूर बाहेर टाकून पिस्टन रिकामा वर जातो तेव्हा वरून त्याला थोपवणारं काही नसतं. त्याला तसंच वर निघून जायचं असतं, आणि रॉडने त्याला मागे खेचून खाली आणायचं. मिनिटाला हजारो वेळा. सगळा भार त्या दोन बोल्टांवर. बोल्ट गेला तर रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो, तेल मागच्या चाकाखाली जातं आणि दीडशेच्या वेगावर माणूस रस्त्यावर. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून मी ते रॉड बसवले, इंजिन जोडून बंद केलं, आणि त्या रात्री मला झोप छान लागली. हे खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

मग आला रविवार. मी बाल्कनीत कूलरची जाळी बांधत होतो. कुंदा आत मेथी निवडत होती, हात भरलेले म्हणून फोन स्पीकरवर. वानखेडे होते. कुठल्या तरी लेखाचं बोलणं झालं आणि जाता जाता ते म्हणाले, ताई, भाऊंना एकदा विचाराल का, रॉड नक्की बरे आहेत ना? एक ओळखीचा मुलगा म्हणाला की ह्या जोडीत गडबड असते.

कुंदा म्हणाली, "वानखेडे, आमचे हे चालेल म्हणाले ना? मग माझ्या घरात ती चर्चा संपली. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून खराब रॉड बाहेर गेलेला नाही. त्यांना काही येत नसेल, हे येतं."

मी बाल्कनीत आहे हे तिला माहीत होतं. मला ऐकू येतं आहे हे बहुतेक नव्हतं. माझ्या हातात सुतळी होती. बावीस वर्षांत ती हे माझ्याशी बोलली नव्हती. बोलली तेही त्यांच्याशी. म्हणजे माझ्या वाट्याचं कौतुकसुद्धा त्यांच्याकडे जमा. मला त्यांचा आणखी राग आला. आणि त्या रागातच मी चपला घातल्या, मेट्रो पकडली, पुढे शेअर ऑटो केली आणि रविवारी बंद असलेलं गॅरेज धरमपालकडून उघडून घेतलं. इंजिन परत खोललं.

वानखेड्यांना तिथेच बोलावलं. ते आले. बाकावर दोन्ही रॉड सुटे पडलेले.

"हे चालणार नाहीत," मी म्हटलं.

"भाऊ, तुम्ही तर चालेल म्हणाला होता."

"खोटं बोललो."

त्यांना समजेना. का, म्हणाले.

"तुम्ही आमच्या घरी फार बसता."

धरमपालला मराठी येत नाही, पण तो उठून बाहेर गेला. वानखेडे रॉडकडे बघत राहिले. मला वाटलं आता हा माणूस माझी गचांडी धरणार, धरायलाच पाहिजे होती. धरली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तो रॉड उचलला, मी दाखवला तो कोपरा बोटाने चाचपला आणि विचारलं, "मग कोणते घालायचे?"

ह्या माणसाची ही खोड मला अजून सहन होत नाही.

बाहेरून जोडी मागवली. घडीव पोलादाची. चमक नाही, राखेच्या रंगाची. कोपरे गोल, बोल्टांवर बनवणाऱ्याची खूण. मी दोन्ही तोंडं वेगवेगळी तोलली, दोन्ही रॉड सारखे उतरले. बोल्ट ताणले, सोडले, आपल्या लांबीवर परत आले. टांगून टिचकी मारली तर दोन्ही एका सुरात वाजले आणि वाजत राहिले. ते यायला पाच आठवडे लागले, वानखेड्यांचा ट्रॅकचा दिवस हुकला. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. घरी यायचे, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे, आणि दार उघडं ठेवायचे. ते उघडं दार मला जास्त लागायचं.

जयंतीच्या दिवशी स्मरणिका निघाली. कुंदा निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. बोलली चांगलं. टाळ्या पडल्या. मी मागे उभा होतो. वानखेडे गर्दीतून माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, भाऊ, ताईंना दम लागतो. दोन पायऱ्या चढल्या तरी लागतो. डॉक्टरला दाखवलंय का?

मला नव्हतं दिसलं. बावीस वर्षं चीर शोधायचा पगार घेतलेला माणूस मी. दोन महिने मी टेबलावरच्या त्या दोघांकडे टक लावून बघत होतो. तिच्याकडे एकटीकडे बघायला मला वेळच झाला नव्हता.

डिसेंबरात, धुक्याच्या दिवसांत, ती गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

आता मी कोणावरही जळतो. मेट्रोत नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली बाई दिसली की मी डबा बदलतो. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक म्हातारा राहतो, त्याची बायको दिवसभर त्याला शिव्या देते. चहा सांडला म्हणून, दार लावलं नाही म्हणून, खोकला म्हणून. तो मला म्हणतो, तुम्ही सुटलात. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. रस्त्यात कोणी माणूस फोनवर वैतागून 'हो हो, आणतो कोथिंबीर' म्हणतो, त्याच्यावरही मी जळतो. कोथिंबिरीवर जळणारा माणूस तुम्ही बघितला नसेल.

आणि वानखेड्यांवर. ते आता रिटायर झाले, पण दर मार्चमध्ये गाडी घेऊन येतात, पहाडात जायच्या आधी माझा कान लावून घ्यायला. ते रॉड अजून तसेच आहेत. येतात तेव्हा 'जय भीम भाऊ' म्हणतात, स्टुलावर बसतात आणि बोलता बोलता कुंदाचं काहीतरी काढतात. ती ऑफिसात एका बड्या साहेबाला कशी बोलली. तिला जिलबी आवडायची पण माझ्या डायबिटीसमुळे ती घरात आणायची नाही. दर वर्षी एक नवी गोष्ट. माझ्याकडे नसलेली. माझ्याकडे काय आहे? गॅस आला का, दूध फाटलं, शर्ट कुठे टाकला. मी माझ्याकडचं सगळं चार वेळा आठवून संपवलेलं आहे. त्यांच्याकडे अजून शिल्लक आहे, आणि ते काटकसरीने वापरतात. मला ते तोंड बघायला नको असतं आणि होळी झाली की मी रस्त्याकडे बघत बसतो.

यंदा ते आले. मी इंजिन चालू केलं, लांब पेचकस इंजिनाला टेकवला आणि दुसरं टोक कानाला लावलं. आत काही नव्हतं. सगळं जागच्या जागी. इतकं चांगलं वाजत होतं की बंद करू नये.

मी म्हटलं, "उघडावं लागेल."

"किती दिवस?"

"चार. रोज यावं लागेल तुम्हाला. समोर उघडलेलं बरं."

इंजिनातलं त्यांना थोडंफार कळतं. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जॅकेट काढून खिळ्याला अडकवलं.

मी टाकी उतरवली. तेल काढलं. काळं सुद्धा झालं नव्हतं. एकेक बोल्ट सैल करता करता, जे मला चार वर्षं विचारायचं होतं ते विचारलं. त्यांच्याकडे न बघता.

"त्या रॉडांचं, मी खोटं बोललो ते, तुम्ही तिला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," वानखेडे म्हणाले. "त्याच संध्याकाळी. तुम्ही आंघोळीला गेला होता."

"काय म्हणाली?"

"हसली."

मी पाना खाली ठेवला. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की त्यांनी सांगितलं नाही, मोठेपणाने. किंवा सांगितलं आणि तिने मनातून मला उतरवलं. हसल्याचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तोंडाला पदर लावून हसली," ते म्हणाले. "खुर्चीत बसली, परत हसली. म्हणाली, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, वानखेडे. मला वाटायचं ह्या माणसाला माझं काही वाटतच नाही." त्यांनी स्टूल जवळ ओढलं. "हसता हसता तिला इतका दम लागला की मी पाणी आणून दिलं. तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं, भाऊ, की तिला काहीतरी होतंय."

मी बाथरूममध्ये होतो. नळ चालू असणार. माझ्यासाठी ती इतकी हसली, आणि ते बघायला हा माणूस होता.

मी परत पाना घेतला. पुढचा बोल्ट उगाचच घट्ट होता, त्याच्यावर बराच वेळ गेला. संध्याकाळ झाल्यावर वानखेड्यांनी खिळ्यावरचं जॅकेट घेतलं, उद्या अकरापर्यंत येतो म्हणाले.

मी म्हटलं, जरा लवकर या.